चालता चालता पोटरी दुखते

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत असत. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. वय साठीच्या पुढचे. घरापासून त्यांचे शेत एक किलोमीटरवर. पूर्वी ते एका दमात शेत गाठीत. मग वाटेत वडाखाली थांबू लागले. पोटरीत गोळा येई. दोन-चार मिनिटे उभे राहिले की गोळा जाई. पुढे मारुतीच्या देवळापाशी पुन्हा तेच. बसल्या जागी मात्र काही दुखत नसे.

"गुरुजी, वय झालं. वात आहे, दुसरं काय?" असे ते म्हणत. आम्हीही मान डोलावीत असू. तिळाचे तेल कोमट करून चोळा, असे आम्हीच त्यांना सांगितले. त्यांच्या खिशातले विडीचे बंडल आम्हाला रोज दिसत होते. त्याविषयी आम्ही अवाक्षर काढले नाही. दीड वर्षाने एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. तालुक्याच्या गावी पोचण्याआधीच आबा गेले.

पायाच्या दुखण्याचा छातीशी काही संबंध असेल, हे तेव्हा आमच्या मनातही आले नाही. पुढे एका डॉक्टरांनी तो आम्हाला समजावून दिला. तो आज तुम्हाला सांगतो.

हृदय रात्रंदिवस रक्त ढकलत असते. ते रक्त ज्या नळ्यांतून अंगभर जाते त्यांना धमन्या म्हणतात. धमनी आतून गुळगुळीत असते. पण विडी, साखरेचा रोग, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली जादा चरबी यांनी तिचे अस्तर खराब होते. मग तेथे चरबीचा थर बसतो. वर्षानुवर्षे थर वाढतो नि नळी अरुंद होते.

पाटाच्या टोकाला ज्याचे शेत आहे, त्याला हे चटकन कळेल. पाटात गाळ साचला की टोकाला पाणी करंगळीएवढे येते. जनावरांना प्यायला तेवढे पुरते. पण गव्हाला पाणी द्यायचे म्हटले की पुरत नाही. पायाचेही तसेच आहे. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडे रक्त पुरते. चालू लागले की तिला कितीतरी जास्त रक्त लागते. ते पोचत नाही, म्हणून पोटरी ओरडते. थांबलो की तिची गरज कमी होते आणि कळ जाते.

ही गोष्ट पहिल्याने माणसात नव्हे, घोड्यात ओळखली गेली! फ्रान्स देशात १८३१ साली बूले नावाच्या पशुवैद्याने एक घोडा पाहिला. तो धावताना लंगडे आणि विसावा मिळाला की ठीक होई. त्याच्या पायाकडे जाणारी धमनी बंद पडली होती. पुढे १८५८ साली शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी माणसातही हाच प्रकार असतो, हे दाखविले.

आता मुख्य गोष्ट. गाळ एकाच चारीत बसून राहत नाही. ज्या कारणांनी पायाची धमनी अरुंद होते, त्याच कारणांनी हृदयाला नि मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमन्याही अरुंद होतात. पाय आधी बोलला, एवढेच.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात डॉक्टरांनी ५६५ स्त्री-पुरुषांचे पाय तपासले आणि त्या सर्वांवर १० वर्षे लक्ष ठेवले. सरासरी वय ६६. त्याचा वृत्तांत १९९२ साली छापून आला. पायाच्या मोठ्या धमन्यांचा रोग असलेले पुरुष होते ३४. दहा वर्षांत त्यांतले २१ वारले. हा रोग नसलेल्या १८३ पुरुषांपैकी वारले ३१. शेकड्याने हिशेब करा. रोग असलेले शंभरात ६२, नसलेले शंभरात १७. बायकांचेही तेच. रोग असलेल्या ३३ पैकी ११ गेल्या, आणि नसलेल्या २२५ पैकी २६. हा शेकड्याचा हिशेब तुम्ही पाटीवर मांडून पाहा. बरोबर आला तर शंभरात ३३ आणि १२ येतील.

हे लोक पाय सडून मेले काय? नाही. जादा मृत्यू झाले ते मुख्यतः हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या रोगाने. वय, विडी-सिगारेट वगैरेंचा हिशेब वजा घालूनही हृदयाच्या धमन्यांच्या रोगाने मरण्याचा धोका सहा पटींहून जास्त निघाला. ज्यांचा पाय कधी दुखला नाही, पण तपासणीत दोष सापडला, त्यांनाही धोका होताच. साखरेचा रोग जुना असेल तर पायाच्या नसा बधिर होतात. अशा माणसाला गोळा आलेला कळतही नाही.

सगळीच पोटरीदुखी या रोगाची नसते. रात्री झोपेत पेटके येतात, ते बहुधा निराळे. पाठीच्या कण्यातली नस दाबली गेली तरी चालताना पाय दुखतो, पण मग नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. तरुण विडीबाजांच्या पायाची बोटे काळी पाडणारा आणखी एक रोग आहे, त्याचा धडा वेगळा.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूस आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपतात. मग दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो. समजा, दंडाचा १४० आणि घोट्याचा ११२ आला. ११२ ला १४० ने भागा. उत्तर ०.८. ते ०.९ किंवा त्याहून कमी आले की धमनीत अडथळा आहे असे समजतात. साखरेच्या रोग्याची धमनी कधी कधी कडक होते आणि आकडा फसवा येतो, तेव्हा दुसरी तपासणी करतात. तुम्ही एवढेच करा. डॉक्टरांपुढे चप्पल काढा आणि म्हणा, "डॉक्टरसाहेब, पायाची नाडी बघता का?" असे विचारण्यात कसली लाज?

उपायात पहिला मान विडी सोडण्याला. "कमी केली" हे उत्तर आम्ही शाळेत पुष्कळ ऐकले आहे, ते येथे चालत नाही. तंबाखू नि मिसरीही सोडावी. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावा. चरबी उतरविणारी आणि रक्ताची गाठ होऊ न देणारी गोळी डॉक्टर देतात. ती हृदयासाठीही असते, म्हणून पाय बरा वाटला तरी मनाने बंद करू नये. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये. फार अडले तर फुगा घालून किंवा शस्त्रक्रिया करून पायाला रक्त पोचवितात. पण एक चारी उपसली म्हणून सारा पाट स्वच्छ झाला असे होत नाही. विडी आणि गोळीचे नियम त्यानंतरही तेच.

रात्री पडल्या पडल्या पाऊल दुखू लागले आणि खाटेखाली सोडल्यावर बरे वाटले, जखम भरेना किंवा बोट काळे पडले, तर वाट पाहू नका, इस्पितळ गाठा. पाय अचानक थंडगार, पांढरा पडून भयंकर दुखू लागला तर त्याच तासाला निघा. छातीत दडपण आले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तरी तसेच. १०८ नंबरला फोन करा. गार पाय शेकायला तापलेली वीट लावू नका. बधिर कातडी भाजते आणि कळत नाही.

आणि चालणे? दुखते म्हणून लोक चालणेच सोडतात. पायाला जखम नसेल तर डॉक्टरांना विचारून चालावे. कळ बरीच वाढेपर्यंत चालायचे, थांबायचे, कळ गेली की पुन्हा चालायचे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. दोन-तीन महिन्यांत फरक दिसू लागतो.

आबांच्या धाकट्या भावालाही तोच गोळा येऊ लागला, तेव्हा या खेपेस आम्ही तेल सांगितले नाही. त्यांना घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात गेलो. त्यांनी विडी टाकली, गोळ्या चालू आहेत. रोज संध्याकाळी आम्ही दोघे शेताच्या वाटेने निघतो. पहिल्या आठवड्यात ते वडाखाली थांबत. परवा मारुतीचे देऊळ मागे टाकून ओढ्याच्या पुलापर्यंत गेले, मग थांबले. त्यांच्या बरोबरीने चालायचे म्हणजे आता आम्हालाच धाप लागते. पुढच्या सोमवारी आम्हीही आपला रक्तदाब मोजून घेणार आहोत.