आधी काय, नंतर काय?

समजा, महिनाअखेरीला तुमच्या अब्बांची रिक्षा बिघडली. गॅरेजवाल्याने चार कामे सांगितली : ब्रेक, इंजिन ऑइल, फाटलेली सीट आणि रंग. पैसे दोनच कामांपुरते आहेत. कोणती कामे आधी कराल?

ब्रेक आधी, तिथे जिवाचा प्रश्न आहे. मग ऑइल. ते कमी पडले, तर इंजिनचे भाग घासून झिजतात आणि खर्च हजारांवर जातो. सीट व रंग थांबू शकतात.

घरखर्चाचेही तसेच आहे. धान्य, औषध, फी आधी, हौस नंतर. झिजलेल्या ब्रेकचे पैसे विमा देत नाही. म्हणून घरात रोज २० रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. वर्षात ७,३०० रुपये साठतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये!