आजारपणाची रजा आणि विक्रीचं टार्गेट

प्रश्न : मी एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) आहे, धार-देवास माझा भाग. टायफॉइडमुळे तीन आठवडे रजेवर होतो. कंपनीने टार्गेट पूर्ण महिन्याचंच धरून इन्सेन्टिव्ह नाकारला. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते हा अन्याय आहे. पण टार्गेट कायदा ठरवत नाही, तुमचा करार ठरवतो. त्यात रजेबद्दल काय लिहिलंय ते आधी पाहा. तुमचा इन्सेन्टिव्ह कमिशनच्या स्वरूपाचा असेल, तर तो वेतनात धरला जातो का, हाही प्रश्न येतो : 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलं. मात्र अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) पात्र सदस्य असाल तर आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून, कामाच्या दिवसांच्या प्रमाणात टार्गेट कमी करण्याची मागणी आजच लेखी पाठवा. फोनवर बोलून सोडू नका.