धूर, वाफ आणि वेष्टन

पदार्थविज्ञानाचा धडा केवळ प्रयोगशाळेंतच मिळतो असें नाहीं. तो चुलीपाशींही मिळतो. अमेरिकेच्या दक्षिण भागांत डुकराच्या फासळ्या लांकडाच्या धुरांत मंद आंचेवर शिजविण्याची रीत आहे. बंद भट्टींत सुमारें १०७ अंश सेल्सिअस उष्णता राखून त्या पांच-सहा तास ठेवतात. मध्येंच त्या गुंडाळाव्या कीं उघड्याच ठेवाव्या, याविषयीं तेथील आचाऱ्यांत मतभेद आहे. ज्यांच्या घरीं हें मांस वर्ज्य आहे, त्यांनाही या वादांतील शास्त्र उपयोगी पडेल.

प्रथम मूळ कारण पाहूं. मांस तापलें म्हणजे त्यांतील पाण्याची वाफ होते, आणि वाफ होतांना पुष्कळ उष्णता खर्च होते. माठांतील पाणी ज्या न्यायानें गार होतें, त्याच न्यायानें मांस ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान रेंगाळतें; विस्तव तसाच असूनही पारा पुढें सरकेनासा होतो.

वेष्टन ही वाफ अडवितें. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ती जवळजवळ सर्व कोंडतो. त्यामुळें मांस लवकर तापतें व त्यांतील चिवट कोलॅजनाचें मऊ जिलेटिन होतें. तीन तास धुरांत, दोन तास पत्र्यांत व एक तास पुन्हां उघडें, असें एक प्रमाण तेथें रूढ आहे. परंतु कोंडलेल्या वाफेनें वरचा खमंग पापुद्रा ओलावतो, आणि अतिरेक झाल्यास मांस हाडावरून गळून पडतें. मेण न लावलेला जाड कागद थोडी वाफ बाहेर सोडतो. पापुद्रा बराच टिकतो, पण वेळ अधिक लागतो. उघड्या फासळ्यांचा पापुद्रा सर्वांत उत्तम होतो. मात्र वेळ व सरपण सर्वांत अधिक लागतें, आणि दुर्लक्ष झाल्यास मांस कोरडें पडतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. असें मांस ६३ अंशांस पोहोंचून तीन मिनिटें तसेंच राहिलें म्हणजे निर्धोक होतें. परंतु फासळी मऊ होण्यास सुमारें ९० अंश लागतात. निर्धोक होणें निराळें आणि रुचकर होणें निराळें.

मग श्रेष्ठ रीत कोणती? आमचें सांगणें इतकेंच कीं, एकाच जनावराच्या फासळ्यांचे तीन सारखे भाग करावे, एकाच भट्टींत ठेवावे, आणि फरक केवळ वेष्टनाचा राखावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलली, तरच परिणामाचें कारण निश्चित सांगतां येतें. जो हा नियम पाळील, त्याचा निर्णय ऐकीव राहणार नाहीं, स्वतःचा होईल.