फाटलेली सत्ती पुन्हा अख्खी



चतुर्थीला आपल्याकडे घर पाहुण्यांनी भरते. आरत्या, भजन, फराळ आटोपला की माटोळीपासून थोडे बाजूला चटई पसरतात आणि पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. अशा वेळी मोठ्यांचा डाव सुरू होण्याआधी पाच मिनिटे मागून घ्या आणि पुढील प्रयोग करून दाखवा.

प्रयोग असा. एक पाहुणा कॅट कापून एक पत्ता काढतो आणि स्वतःच्या हाताने फाडतो. तुकडे पाकिटात जातात, त्यांतला एक कोपरा मात्र त्याच्या मुठीत राहतो. पाकीट बंद होते. मग ते कात्रीने कापले की आतून तोच पत्ता निघतो, एक कोपरा सोडून अख्खा! पाहुण्याच्या मुठीतला कोपरा तिथे लावून पाहावा, तर काठाला काठ बरोबर जुळतो.

वस्तू मोडायची आणि पुन्हा सांधून दाखवायची, हा जादूचा फार जुना प्रकार आहे. इंग्लंडमध्ये १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थाने चेटूक या विषयावर एक मोठा ग्रंथ छापला. त्यात पत्त्यांच्या करामती आहेत, तशीच मधोमध कापलेली नाडी पुन्हा अखंड करून दाखवण्याचीही कृती आहे. स्कॉटने ही गुपिते फोडली ती गंमत म्हणून नव्हे. त्या काळी चेटकीण ठरवून गरीब बायकांना फासावर चढवत. हातचलाखी म्हणजे काय हे लोकांना कळावे, अशी त्याची धडपड होती.

आता साहित्य. एकाच कंपनीचे, मागे एकच नक्षी असलेले दोन कॅट हवेत. कागदी पत्ते घ्या, प्लॅस्टिकचे फाटत नाहीत. आहेराची दोन सारखी, जाड कागदाची पाकिटे, कात्री आणि डिंक एवढे पुरे. घरातला खेळायचा कॅट कृपा करून वापरू नका, कारण प्रत्येक प्रयोगात दोन पत्ते कायमचे जातात.

दोन्ही कॅटांतून चौकट सत्ती काढा. पहिली सत्ती कॅटच्या अगदी वर पालथी ठेवा. दुसरीचा, जिथे सातचा आकडा छापलेला असतो तो एक कोपरा फाडा. तो साधारण तीन सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद हवा. पत्त्याचे आठ तुकडे केले तर एक तुकडा जवळजवळ एवढाच होतो. कात्री लावू नका. काठ वेडावाकडा फाटला तरच पुढे तो जुळला म्हणून लोक चकित होतील.

मग पाकीट. एका पाकिटाची समोरची बाजू, म्हणजे जिला झाकण जोडलेले असते ती, झाकणासकट कापून घ्या. दोन्ही कडांनी केसभर कातरा आणि दुसऱ्या पाकिटात सरकवा, झाकणावर झाकण येईल अशी. पाकिटात आता पडदा झाला आणि दोन कप्पे तयार झाले. मागच्या, लपलेल्या कप्प्यात कोपरा फाटलेली सत्ती घाला आणि दोन्ही झाकणे एकमेकांना चिकटवा. झाकण उघडून दाखवले तर पाहणाऱ्याला फक्त पुढचा रिकामा कप्पा दिसेल. लपलेला कप्पा ज्या बाजूला आहे तिथे बाहेरून पेन्सिलीचा बारीक ठिपका द्या. फाटका कोपरा टेबलावर ठेवून त्यावर हे पाकीट ठेवा.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. सावंतवाडी आपल्यापासून फार लांब नाही. तिथली गंजिफा कुणी पाहिली असेल. गोल, हाताने रंगवलेले पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पाने. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ही कला पुन्हा उभी केली. त्या पत्त्यांवर आपला प्रयोग चालणारच नाही. एकाच चिताऱ्याने दोन मत्स्य काढले तरी कुंचल्याचा फटकारा थोडा वेगळा पडतो, डोळा वेगळा होतो. आपली सारी जादू छापखान्यातून निघालेल्या दोन सत्त्या हुबेहूब सारख्या असतात, यावर उभी आहे. (आणि हो, गंजिफा फाडायचा विचारही मनात आणू नका!)

आता प्रत्यक्ष प्रयोग. कॅट टेबलावर ठेवून पाहुण्याला हवा तिथे कापायला सांगा. त्याने वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, की तुम्ही खालचा भाग उचलून त्याच्यावर आडवा ठेवा आणि म्हणा, “काका, तुम्ही कापलेली जागा खूण म्हणून अशीच राहू दे.” लगेच पत्ता काढू नका. रिकामे पाकीट उघडून दाखवा, पण उचलू मात्र नका, कारण खाली कोपरा आहे. त्यांना विचारा, तांबडा निघेल की काळा? दहा-पंधरा सेकंद गेली, की कोणता भाग वरचा आणि कोणता खालचा हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मग आडवा भाग उचला आणि त्याच्याखालचा पत्ता घ्यायला सांगा. तो कॅटच्या अगदी वर ठेवलेलाच पत्ता, म्हणजे चौकट सत्ती.

पत्ता सर्वांना दाखवून झाला की काकांना तो अर्धा आणि मग पुन्हा अर्धा फाडायला सांगा. सगळे डोळे त्यांच्या हातांवर असतात. त्याच क्षणी डाव्या हाताने पाकीट सरकवून जवळ घ्या. खालचा कोपरा डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत आला पाहिजे. काकांकडून चार तुकडे घ्या आणि “आणखी बारीक करू” म्हणत एकदा स्वतः फाडा. झाले आठ. ते डाव्या हातात लपलेल्या कोपऱ्यावर ठेवा आणि सगळा गठ्ठा उजव्या हातावर पालथा घाला. लपलेला कोपरा आता सर्वांत वर येतो. तोच काकांना द्या: “हा मुठीत घट्ट धरा.” नऊ तुकडे झाले होते, हे कुणी मोजत नाही.

बाकीचे आठ पुढच्या कप्प्यात टाका, झाकण चिकटवा आणि पाकीट उलटे धरा, म्हणजे आतले सगळे झाकणाकडे घसरेल. तळाची कड कात्रीने कापा. ठिपक्याच्या बाजूच्या कप्प्यात बोटे घालून सत्ती सावकाश बाहेर ओढा. पाकीट लगेच खिशात घालू नका. आधी कोपरा काकांनाच लावू द्या. सगळे त्यावर वाकले की पाकीट कुठे गेले याची कुणाला आठवण राहत नाही.

हे का फसते? तुम्ही कुठेही “हाच तो पत्ता” असे म्हणत नाही. ते काका स्वतः ठरवतात, कारण कोपरा त्यांच्याच मुठीत होता. आपल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेले आबे फारिया यांनी १८१३ मध्ये पॅरिसमध्ये संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिके दाखवायला सुरुवात केली. झोप आणणाऱ्याच्या अंगी काही शक्ती नसते, जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते, असे त्यांचे म्हणणे होते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. तो पाहताना जादूगाराने हे जरूर आठवावे.

एखादा चौकस दादा म्हणेल, “पत्त्यावर माझी सही करू का?” आपल्या पद्धतीत सही चालत नाही. हसून म्हणा, “पुढच्या चतुर्थीला.” सही केलेला पत्ता फाडून एकेक तुकडा जोडत नेण्याची रीतही आहे. इंग्लंडच्या गाय हॉलिंगवर्थ यांची त्यात ख्याती आहे आणि त्यांनी ती १९९९ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. पण त्यासाठी बोटांना वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

एक पथ्य मात्र सक्त आहे. घरातल्या आजीने भाबडेपणाने विचारले, “बाबा, खरेच मंत्र येतो काय रे तुला?” तर खोटे बोलायचे नाही. “आजी, हातचलाखी आहे, कशी ते सांगणार नाही,” एवढे सांगायचे. असल्याच करामती दाखवून आजार बरा करतो, गेलेले धन आणून देतो म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्या नादी लागून दागिने गहाण पडतात. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे सहकारी बुवांचे चमत्कार लोकांसमोर करून, मग ते उलगडून दाखवत. तिथे २०१३ साली त्याविरुद्ध कायदाही झाला. जादूगार आधीच सांगतो की मी फसवणार आहे, म्हणून त्याला टाळी मिळते.

सरावासाठी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे पत्ते कापा. कोपरा बोटांत घेण्याची क्रिया आरशासमोर रोज दहा वेळा, निदान पंधरा दिवस करा. एकाच घरी प्रयोग पुन्हा करू नका, कितीही आग्रह झाला तरी. आणि पाकिटातले ते आठ तुकडे त्याच घरच्या केराच्या टोपलीत टाकू नका. पाहुण्यांची मुले सकाळी उठल्यावर पहिली तिथेच शोधायला जातात.