परतण्याआधी कुणाला गाठावं?

प्रश्न : शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी दक्षिण कोरियात पीएच.डी. करतोय. पुढच्या वर्षी कोल्हापूरला परतायचंय. माजी विद्यार्थ्यांच्या ओळखींचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण त्या परतण्याआधी जोडल्या तर. १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठात थिन फिल्म, सौरघट, सुपरकपॅसिटर यांवर भरपूर काम झालंय. त्या जोरावर इथली कितीतरी मुलं कोरियातल्या प्रयोगशाळांत पोचली, काही परतून इथेच शिकवतात. आधी त्यांना लिहा. ‘नोकरी आहे का?’ असं पहिल्याच पत्रात विचारू नका. प्रयोगशाळा कशी उभारली, उपकरणांना निधी कुठून आणला, हे विचारा. सोबत आपला शोधनिबंध जोडा.

रामानुजन फेलोशिप परदेशातून परतू पाहणाऱ्या संशोधकांसाठीच आहे. तिचे नियम तिकडे असतानाच वाचा. कोरियातल्या मार्गदर्शकांशीही संयुक्त संशोधनाचं पक्कं बोलून ठेवा. इथे नसलेल्या उपकरणावर नमुने तपासून मिळणं, ही परतलेल्या संशोधकाला सगळ्यांत मोठी मदत असते, असं माझं मत आहे.

आणि कोल्हापुरातून एखाद्या एम.एस्सी.च्या मुलाचा ईमेल आला, तर त्याला उत्तर नक्की द्या.