मनुष्यजीवाचें मोल

मनुष्याचा जीव अमोल आहे, असें आपण बालपणापासून ऐकत आलों. तथापि ठाणें-कल्याणच्या लोहमार्गावर त्याचा आंकडा ठरलेला आहे. आगगाडींतून अपघातानें पडून उतारू मेला, तर त्याच्या वारसांस आठ लक्ष रुपये द्यावे असा नियम आहे. १९९७ सालीं हा आंकडा चार लक्ष झाला होता; १ जानेवारी २०१७ पासून तो दुप्पट झाला. हात, पाय, डोळा यांचे दरही त्याच नियमांच्या परिशिष्टांत आहेत.

वकील असो वा हमाल, रक्कम तीच, ही गोष्ट आम्हांस बरी वाटते. डोंबिवलीच्या कारखान्यांतील मजुरासाठीं १९२३ च्या कायद्यानें घालून दिलेली रीत निराळी होती: अर्धें वेतन गुणिलें वयाचा अंक. परंतु रेल्वेच्या समतेसही मर्यादा आहे. त्याच रुळांवर, त्याच गाडीखालीं, रूळ ओलांडतांना जो मेला तो उतारू नव्हे. त्याच्या घरीं कांहींच जात नाहीं.

असो, हें मरणानंतरचें झालें. खरा प्रश्न मरणापूर्वींचा आहे. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जात असतां दारांत लोंबकळणारे उतारू खालीं पडले व कित्येक प्राणांस मुकले. त्यानंतर नव्या लोकल गाड्यांस आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें सरकारनें जाहीर केलें. अशा दारांस पैसा लागतो. हिशेबनिसानें वांचणाऱ्या प्रत्येक जीवापुढें आठ लक्ष मांडले, तर खर्च जड दिसेल. पण आठ लक्ष हा मागें राहिलेल्यांचा आधार आहे, जीवाची किंमत नव्हे.

१९६८ मध्यें टॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें निराळी वाट दाखविली. समजा, एक लक्ष उतारूंपैकीं वर्षांत एक मरणार. कोण, हें ठाऊक नाहीं. तें टाळण्यास प्रत्येकानें पन्नास रुपये देऊं केले, तर पन्नास लक्ष जमतात. येथें कोणाचाही जीव विकला गेला नाहीं. सर्वांनीं थोडें थोडें भय कमी करून घेतलें. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानें २०२३ सालासाठीं हा आंकडा एक कोटी बत्तीस लक्ष डॉलर धरला.

युक्ति सुंदर आहे, पण आम्हांस एक शंका येते. दिव्याच्या फलाटावर मासिक पास जपून वापरणाऱ्या मजुरास हाच प्रश्न विचारला, तर तो पांच रुपयेही कष्टानें बोलेल. मग त्याच्या गाडीस दार नको काय? त्याच्या उत्तरांत त्याचा खिसा मोजला जातो, जीव नव्हे. यास्तव उत्तर ज्याचें त्याचें न घेतां सर्वांसाठीं एकच आंकडा धरावा, आणि तो दारांच्या अंदाजपत्रकांत लोकांस वाचतां येईल असा छापावा.