नवी खिडकी, पण उजेड कमी? ऑर्डर देण्याआधी हे मोजा

मैत्रिणींनो, लाकडी खिडकीला वाळवी लागते, पावसाळ्यात पल्ले फुगून बसतात. मग गटातून कर्ज घेऊन आपण सरकती खिडकी बसवतो. दिसते छान! पण स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो, शिलाई मशीन दारात आणावी लागते. हप्ता मात्र चालूच. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

उजेड जातो कुठे?

उजेड काचेतून येतो, फ्रेममधून नाही. सरकत्या खिडकीत भिंतीलगतची फ्रेम, प्रत्येक काचेभोवतीची फ्रेम आणि मधली पट्टी अशा तीन जागा काच खातात. यूपीव्हीसी हे प्लास्टिक आहे. ते ॲल्युमिनियमइतकं ताठ नसतं, म्हणून त्याच्या पोकळ पट्ट्या जाड असतात. त्याला गंज नाही, वाळवी नाही. पण जागा जास्त लागते.

त्यात बरेचदा जुनी लाकडी चौकट न काढता तिच्या आतच नवी फ्रेम बसवतात. तोडफोड आणि प्लास्टरचा खर्च वाचतो, पण चौकटीत चौकट होते.

हिशोब करून पाहू

समजा, भिंतीतली जागा 36 इंच रुंद, 48 इंच उंच आहे. म्हणजे 12 चौरस फूट. नवी फ्रेम चारही बाजूंनी 4 इंच आणि मधली पट्टी 3 इंच धरू.

- जुनी चौकट काढली तर: काच 25 × 40 इंच, म्हणजे सुमारे 7 चौरस फूट.
- 3 इंचांची जुनी चौकट ठेवली तर: काच 19 × 34 इंच, म्हणजे सुमारे साडेचार चौरस फूट.

खिडकी तीच, पण उजेडाला अडीच चौरस फूट जागा कमी! शिवाय दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. चुलीचा धूर बाहेर जायचा असेल, तर बाहेर उघडणारे पल्ले बरे.

ऑर्डर देण्याआधी विचारा

1. जुनी चौकट काढणार की ठेवणार? काढल्यास प्लास्टर कोण करणार?
2. नुसत्या काचेचं माप किती? फ्रेमचं नको, काचेचंच सांगा.
3. याच पट्टीची बसवलेली खिडकी कुठे बघायला मिळेल? हातभर तुकडा पाहून अंदाज येत नाही. टेप घेऊन जा.
4. जाळीचा पल्ला आहे का? खालच्या रुळातून पावसाचं पाणी बाहेर जायला छिद्रं आहेत का?

ही उत्तरं कोटेशनवर लिहून, सही घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. काही रक्कम खिडकी बसल्यावर, मापं तपासून द्या. पक्कं बिल घ्याच.

बसवून झाली असेल तर?

लिहून दिलेल्या मापापेक्षा काच लहान निघाली, तर फोटो काढा, दुकानदाराला लेखी कळवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते; 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीची फी नाही. पण माप कुठेच लिहिलेलं नसेल, तर बाजू लंगडी पडते. अशा वेळी भिंतींना पांढरा चुना द्या, खिडकीपुढची मांडणी हलवा, छपरात एखादा पारदर्शक पत्रा बसवता येतो का पाहा.

बैठकीतला सराव

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका खिडकीची दोन मापं आणायची: भिंतीतली जागा आणि नुसती काच. फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. खिडकीसाठी कर्जाची मागणी आली, की अर्जासोबत काचेचं माप लिहिलेलं कोटेशन मागायचं, असा ठरावही त्याच दिवशी करता येईल.